कानामागची सूज आणि आमचे निदान

बायकोच्या कानामागे सूज आली तेव्हा ताप एकशे दोन होता. तो कान आधीपासून वाहत होता आणि त्याने ऐकूही कमी येत होतं. पण आमच्या गावात आजारी माणसाला बघायला आलेला पाहुणा चहा पितो आणि निदान करूनच उठतो.

"गालगुंड आहे. काहून भिऊन राहिला?" थोरला भाऊ म्हणाला. वहिनीने लगेच कुंभाराकडची माती आणून कानामागे जाड थापली. ताप एकशे तीन झाला, तेव्हा माती गुण देऊन राहिली, असं मला समजावण्यात आलं.

मी तिला तुमसरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी माती धुवायला लावली. मग ते तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि मलाही बोलावलं. मागून बघितलं तर तो कान पुढे ढकललेला स्पष्ट दिसत होता. आम्ही सगळे समोर बसून निदान करत होतो. त्यांनी कानामागचं हाड दाबताच ती कळवळली.

"गालगुंड कानाच्या पुढे आणि खाली येतं. इथे हाडात पू झालेला दिसतो. मेंदूकडे सरकला का, ते सीटी स्कॅनमध्ये बघू."

पू मेंदूपर्यंत गेला नव्हता. तिला भरती करून शिरेतून औषध सुरू झालं. संध्याकाळी भाऊ-वहिनी आले.

"मी तर म्हणलोच होतो, मोठ्या डॉक्टरले दाखव," भाऊ म्हणाला आणि दवाखान्यातून सुट्टी कधी घ्यावी ते सांगू लागला. बायकोने चांगला कान उशीत दाबला आणि डोळे मिटले.