घर बघायला माणूस येणार होता

घर विकायचं म्हटल्यावर आमच्या गावात लोक आधी हसले. धसईच्या बाजारात तांदूळ विकतात, वाल विकतात, म्हातारा बैलसुद्धा कोणीतरी घेऊन जातो. पण घर? घर माणूस बांधतो, नाहीतर सोडून जातो. "मास्तरीनबाय, तुमचं घर घेऊन कोन काय करील? ज्याला त्याला सोताचं हाये," असं एकीनं मला तोंडावर सुनावलं. तिला मी काय सांगणार, कप्पाळ! लढाईचे दिवस, रोकड कोणाच्या हाती नव्हती, आणि मला मात्र पाऊस लागायच्या आत घर विकलं जायला हवं होतं.

कारण आमच्या ह्यांना क्षय झाला होता. हे गावच्या शाळेत मास्तर होते. शिमगा झाल्यावर मुरबाडच्या डॉक्टरांनी ह्यांची छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, इथला पावसाळा ह्यांना झेपायचा नाही. घाटावर कोरड्या हवेत न्या. तिथं ह्या रोगाचा दवाखाना आहे, महिनोन्‌महिने ठेवून घेतात. पण आत्ताच न्या." दवाखान्याला पैसा लागणार होता आणि आमच्याजवळ विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. सहा वर्षांचं नवं घर होतं ते. सागाचे खांब ह्यांनी जंगलखात्याचा परवाना काढून एकेक पारखून आणलेले, वर मंगळुरी कौलं, भिंती कुडाच्या, त्या मी माझ्या हातानं लिंपलेल्या. मूलबाळ आम्हाला नव्हतं. आल्यागेल्याला आम्ही घरच दाखवायचो.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मुरबाडचा एक दुकानदार. ओटीवर बसला, घर बरं आहे म्हणाला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि नेमका तेव्हाच आतून ह्यांचा खोकला आला. कोरडा, लांबलेला, संपता संपेना. दुकानदारानं तांब्या हातातल्या हातात फिरवला आणि खाली ठेवला. पाणी प्यायला नाही. "कळवतो," म्हणाला आणि उन्हातान्हाचा चालू पडला. तो काय कळवतोय! मी तांब्यातलं पाणी तुळशीत ओतलं आणि माझं डोकं फिरलं. ह्यांच्यावरच फिरलं, काय सांगू. आत जाऊन म्हटलं, "अहो, जरा दाबायचा होता की तेवढा वेळ!"

हे मी बोलले. माझ्या ह्याच तोंडानं.

हे कूस बदलून कुडाकडे तोंड करून पडून राहिले.

पुढं चैत्रात धसईच्या बाजारातून निरोप आला की खर्डीकडचा एक शेतकरी घर बघायला येतोय. ह्या खेपेला मी अक्कल चालवली. घरामागं दोन शेतं टाकून गावचं खळं होतं, खळ्यावर गवताची खोप होती. भात झोडणीच्या दिवसांत राखणीला कोणी ना कोणी तिथं निजायचं, एरवी रिकामीच. सकाळीच मी तिथं घोंगडी अंथरली, पाण्याचा गडू ठेवला आणि ह्यांना हाताला धरून नेऊन बसवलं.

"म्हणजे मी आता चोरासारखा लपून बसायचं?" हे हसत म्हणाले.

"चोरासारखा नव्हे, जावयासारखे बसा. तासाभराचा तर प्रश्न."

तो माणूस आला. काळासावळा, थोराड, बोलायला गरीब. मी आधीच सारवून घेतलेलं, चूल पेटती ठेवलेली, देवापुढं दिवा. घर कसं नांदतं दिसलं पाहिजे ना! मास्तर कुठं आहेत म्हणून विचारलंन्‌, मी सांगितलं, शाळेच्या कामानं मुरबाडला. धडधडीत खोटं. त्यानं घर बघितलं, पाणी प्यायला, गूळसुद्धा खाल्ला. "आवाडलं. माज्या सुताराला घेऊन येतो पुढल्या आठवड्यात, मग बोलू," म्हणाला. मी मनात म्हटलं, मोठा चोखंदळ दिसतोय. बरं झालं, असा माणूस घर नीट ठेवील.

तो गेल्यावर मी धावत खोपीवर गेले. हे बसल्या जागी डुलक्या घेत होते. त्या दिवशी मी गोड शिरा केला. हेही दोन घास जास्त जेवले आणि म्हणाले, "घाटावर गेल्यावर पहिल्यांदा पोटभर श्वास घेणार बघ."

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात तो सुताराला घेऊन आला. ह्यांना मी सकाळीच खोपीत बसवलेलं. ह्या वेळेस मात्र काम लांबलं. सुतार प्रत्येक खांबावर बोटांनी वाजवून बघत होता, वर चढून वासे बघत होता, दोरीनं तुळई मापत होता. विहीर कुठं, शेजार कसा, ह्यातलं एक अक्षर दोघांनी विचारलं नाही. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं की नाही? पण माझं सगळं लक्ष मागल्या दारी. तिकडून खोकला तर येत नाही ना, एवढंच मी ऐकत होते. येत नव्हता. मला किती हायसं वाटलं, त्याची आज शिसारी येते.

मग धुराचा वास आला. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाचोळा, शेण, फांद्या पसरून आधी जाळतात, त्याला राब म्हणतात. शेजारच्या भावजींनी आपल्या शेतात राब पेटवला होता. दरसालचंच काम. खोपीत कोणी बसलंय हे त्यांना कुठून ठाऊक? मी कोणाला सांगितलंच नव्हतं. मागल्या दारातून पाहिलं तर वारा फिरला होता आणि खळं दिसत नव्हतं. सगळा पांढरा धूर.

मी धावायला हवं होतं. मी धावले नाही. सुतार शेवटच्या खोलीत होता, आत्ता होईल, आत्ता जातील, असं म्हणत मी दाराशी उभी राहिले. किती वेळ, ते देवाला ठाऊक. ते दोघे निरोप घेऊन रस्त्याला लागले तेव्हा मी पदर खोचून पळत सुटले.

खोपीत हे पालथे पडले होते. उपरण्याचा बोळा तोंडात कोंबलेला, दोन्ही हातांनी धरून ठेवलेला. बोळा लाल झाला होता. मला बघून ह्यांनी बोटानं घराकडे खूण केली. गेले का, म्हणून विचारत होते. मी मान हलवली तेव्हा कुठं ह्यांनी तो बोळा काढला आणि खोकायला लागले.

मी बोंब मारली. भावजी कोयता टाकून धावत आले, खोपीत डोकावले. "वैनी, आदी सांगायचा व्हता गो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माझी बोंब ऐकून रस्त्यावरून ते दोघेही परतले. त्या खर्डीच्या माणसानंच ह्यांना लहान मुलासारखं उचललं, घरात आणून निजवलं. त्याला विटाळ नाही, भीती नाही. मग माझ्याकडे बघून विचारलंन्‌, "बाय, मास्तरांना माज्यासाटी थितं बशवलं व्हतंव?"

मी मान खाली घातली.

तो पायरी उतरून अंगणात गेला. मीही मागोमाग गेले. डोक्याला हात लावून म्हणाला, "मास्तरांचा दुखना सगळ्या धसईला ठावं हाये, मलापन ठावं व्हता. मला ऱ्हायाला घर नको. माजं घर व्हळीच्या आदी जळालं. पावसाआदी उभं करायचं तर लाकूड कुटं गावत नाय, जंगलवाले तोडू देत नाय. मला ह्ये मोडून न्यायचं व्हतं. खांब, वासे, कौलं."

"मग बोलला का नाही तसं?"

"नांदत्या घरात, दिव्याम्होरं, बायमानसाला कसा सांगू, का तुजं घर मोडतो म्हनून? आमच्यात नाय बोलत तसा. वाटलं, तुमाला निरोप भेटलाच आसंल."

निरोपात नुसतं 'घर बघायला येतोय' एवढंच होतं. लाज राखून तो गप्प राहिला आणि लपवायचं म्हणून मी गप्प राहिले. खोकला ऐकला असता तर त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. सागाला कुठं क्षय लागतो?

ह्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. मी उशाशी बसले तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "म्हणजे मी खोकलो असतो तरी चाललं असतं गो?" चेष्टाच करत होते. मला मात्र तिथंच मरून जावंसं वाटलं. "माझं चुकलं हो," म्हणून मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. हे म्हणाले, "वेडी आहेस." ह्याहून जास्त त्यांना बोलवेना.

त्या माणसानं दुसऱ्याच दिवशी मी सांगितली ती सगळी रक्कम आणून माझ्या हाती दिली. लिखत नाही, साक्षीदार नाही. "आदी मास्तरांना घाटावर न्या, घराचं मागनं बगू," म्हणाला. बैलगाडी सांगून ठेवली, गाडीत पेंढा भरला. पण ह्यांना उठून बसवेना. सहाव्या दिवशी सकाळी हे गेले.

तेरावं झाल्यावर तो आला. अंगणातच उभा राहिला. म्हणाला, "बाय, आता घाटावर जायाचं ऱ्हायलं नाय. घर तुमालाच ऱ्हाऊं दे. पैशे व्हतील तवा द्या."

त्याच्या स्वतःच्या बायकामुलांवर छप्पर नव्हतं, आणि हा मला असं सांगत होता. मी म्हटलं, "दादा, तुम्हीच न्या. मला ह्या घरात राहायला तोंड नाही."

त्यानं नेलं. मी ते बघायला थांबले नाही. माझा भाऊ घाटावर जुन्नरकडे असे, त्याच्याकडे गेले. तिथली हवा डॉक्टर म्हणाले तशीच होती, कोरडी, हलकी. पहिल्या दिवशी सकाळी अंगणात उभी राहिले तर आपोआप पोटभर श्वास आत गेला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तो श्वास तिथंच दाबून धरला.