वीरचक्र घरी ठेवून आलेले किसनराव

हवालदार किसनराव ढमाले यांची माझी ओळख ‘भित्रा’ या शब्दाने झाली. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसची संरक्षक जाळी फोरमनने काढून ठेवली होती. जाळीमुळे माल कमी निघतो म्हणे! लष्करातून निवृत्त होऊन नुकतेच लागलेले किसनराव म्हणाले, “जाळी न्हाई, तर आत हात घालणार न्हाई.”

“काय हवालदार, पलटणीतनं पळून आलात काय?” फोरमनने विचारले. सारे खाते खिदळले. “भावा, बांगड्या आणू का?” एक प्रेसवाला ओरडला. दुपारी किसनरावांच्या हाती चार्जशीट पडली. नोकरी जाणार, हे उघड होते.

कामगार संघटनेचा चिटणीस म्हणून चौकशीच्या तयारीसाठी मी देहूला त्यांच्या घरी गेलो आणि अंगणातच खिळलो. वहिनींनी बाजेवर लष्करी कोट उन्हात टाकला होता. छातीवर वीरचक्र! बासष्ट साली बर्फात, जखमी साथीदार खाली पोहोचेपर्यंत किसनराव मशीनगनपाशी एकटे थांबले होते, हे वहिनींनी सांगितले. आणि त्यांना बांगड्या!

“उद्या हे लावून या,” मी म्हणालो. “मॅनेजर उठून उभा राहील.”

“राहील की. माझ्या प्रेसला जाळीबी बसवील. बाकीच्यांच्या छातीवर काय हाय, राव?”

“सांगून दमले मी,” वहिनी म्हणाल्या. “ऐकत्यात व्हय?”

चौकशीत मॅनेजरने विचारले, “भीती वाटते?”

“वाटती. तिथंबी वाटत होती.”

तिथे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांची इच्छा म्हणून मीही पदकाचे नाव काढले नाही. किसनराव निलंबित झाले.

चौकशीतले ते उत्तर खात्यात पोहोचले आणि दुसऱ्या सकाळी बांगड्यांची भाषा करणाऱ्यानेच प्रेसवरून हात काढला. “मलाबी भीती वाटती,” तो म्हणाला. मग एकेक प्रेस थांबत गेला. शेवटी प्रत्येक प्रेसला जाळी बसली आणि किसनराव कामावर परतले.

वीरचक्राची हकिकत मी त्यांच्या निवृत्तीच्या सभेत सांगितली. मरणासमोर उभे राहणाऱ्याला देश पदक देतो; कारखान्यात कुणाचा फुकट बळी जाऊ नये म्हणून उभे राहणाऱ्याच्या हाती आपण चार्जशीट ठेवतो! मी आजही हादरतो.

किसनरावांनी साठी गाठली आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असे मागणे प्रेसखात्यातली सारी माणसे आज हात जोडून मागत आहेत. त्या प्रत्येकाच्या जोडलेल्या हातांना दहा बोटे आहेत.