सहाणेला साबण लावायचा नाही

माझ्या नातीचा उजवा हात पहिल्यांदा उडाला तेव्हा मी तिच्या आईला म्हणालो, "अगं बघ, टाटा करते आहे." हे वाक्य घरात मला अजून ऐकवलं जातं, आणि त्याची लायकी तेवढीच आहे.

मुलगी बाळंतपणाला पावसला आमच्याकडे आली होती. बाळाला तिसरा महिना चालू होता. आंब्याचे दिवस, त्यामुळे पडवीत पेट्या, अंगणात पेंढा आणि घरात खाटेवरची माणसं. माजघरात बाळ-बाळंतीण, तर ओटीवरच्या खोलीत माझे वडील, अण्णा. त्यांच्या कंबरेच्या हाडात कर्करोग पसरला होता. त्यांचं करायला माझी मोठी बहीण, आक्का, मुंबईचं घर बंद करून आली होती. बाळाकडे बायको बघायची. माझ्याकडे आंबे, आणि दोन्ही खोल्यांत डोकावून "काय, बरं आहे ना?" असं विचारायचं खातं. ते मी चोख सांभाळत होतो.

बायकोची गुटी म्हणजे एक स्वतंत्र संस्थान होतं. हळकुंड, वेखंड, सुंठ, मुरडशेंग, जायफळ सगळं डब्यात ओळीनं. महिन्यागणिक सहाणेवर एकेक वेढा वाढवायचा. सहाण माझ्या आईची, मधोमध खोलगट झालेली, पोत खरखरीत. तिच्याबाबतचा नियम बायकोनं पहिल्याच दिवशी घरभर जाहीर केला होता. "सहाणेला साबण लावायचा नाही. दगडात मुरतो आणि बाळाच्या पोटात जातो. पाण्यानं विसळायची आणि उन्हात उभी करायची." आईही असंच म्हणायची. म्हणजे वरच्या न्यायालयाचाही निकाल तोच होता.

त्या आठवड्यात बाळ फार छान झोपायला लागलं होतं. गुटी चाटली की तासाभरात डोळे मिटलेच. मी व्याह्यांना फोनवर म्हणालो, "आमच्या घरची गुटी आहे, झोपणारच!" ते म्हणाले, "मग आम्हा दोघांनाही पाठवा थोडी." आम्ही दोघंही खो-खो हसलो.

तर त्या सकाळी आंघोळ, धुरी, गुटी सगळं झालं होतं. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचा हात मोकळा होता आणि तो उडत होता. माझं ते विद्वान वाक्य झालं. मुलीनं मात्र हात धरून पाहिला. धरलेला हातही तिच्या मुठीत तसाच उडत राहिला, ठेक्यात. मग पाय उडायला लागला. डोळे एका बाजूला जाऊन थांबले. ओठांभोवतीची कातडी जांभळट व्हायला लागली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "हे थांबत नाहीये."

मी गाडीकडे धावलो. मागची सीट आडवी करून तिच्यावर पेट्या रचलेल्या. बायको आणि आक्का त्या खाली फेकायला लागल्या. बाजारात मी एकेका फळाला दोन्ही हातांनी धरणारा माणूस, आता माझेच आंबे अंगणात गडगडताना त्यांच्यावर पाय देऊन चाललो होतो. आक्काही गाडीत चढली; अण्णांजवळ शेजारच्या काकू बसल्या. आतून अण्णा विचारत होते, "काय झालं रे? कोण पडलं?" मी गाडी सुरू केली.

पावस ते रत्नागिरी हा रस्ता मला पाठ आहे. पण त्या दिवशी प्रत्येक वळण नवं होतं. मी दर वळणाला विचारायचो, "श्वास घेते आहे ना?"

"घेते आहे," मागून बायको म्हणायची. "तू रस्ता बघ."

भाट्याच्या पुलावर मी विचारलं तेव्हा उत्तर यायला वेळ लागला. मग आवाज आला, "घेते आहे. पण थांबून थांबून घेते."

मुलांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बाळाला मुलीच्या हातातून घेतलं, नाकाला नळी लावली, औषध दिलं, हात-पाय थांबले. आम्ही सुस्कारा सोडला. त्यांनी सोडला नाही. पापणी वर करून बॅटरी मारली, परत मारली.

"बाहुल्या फार बारीक झाल्यात," त्या म्हणाल्या. "घरात कोणाला दुखण्याच्या जोरदार गोळ्या चालू आहेत?"

इथे मी पुढे झालो. "आहेत, माझ्या वडिलांना. पण डॉक्टर, त्या कपाटात अगदी वर, कुलपात. किल्ली माझ्या जानव्याला, रोजची गोळी मीच काढून बहिणीच्या हातात देतो. बाळाला त्या मिळणं शक्यच नाही." मला वाटतं मी किल्ली काढून दाखवलीसुद्धा.

त्यांनी किल्लीकडे पाहिलं नाही. "बाळाला आईच्या दुधाशिवाय काय देता?"

"गुटी," बायको म्हणाली. "सहाणेवर उगाळून. सगळं घरचं, स्वच्छ."

आक्का दाराशी उभी होती. ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती. मग तिनं पदराला बोटं पुसली, परत पुसली, आणि म्हणाली, "अण्णांची गोळीपण मी तिथंच उगाळते."

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली.

"त्यांना गिळवत नाही हो," आक्का डॉक्टरांना सांगायला लागली. "घशात अडकते, ठसका लागतो. म्हणून आठवडाभर मधात उगाळून चाटवते. आमच्याकडे मात्रा तशीच देतात. त्याच सहाणेवर."

"धुता ना पण मग?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज चिरका झाला होता.

"धुते की. पाण्यानं विसळते." आक्कानं तिच्याकडे पाहिलं. "तूच म्हणालीस ना, साबण लावायचा नाही."

दोघी एकमेकींकडे पाठ करून बाकावर बसल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं असं. अण्णांची गोळी अफूच्या कुळातली. मोठ्या माणसाच्या मेंदूत ती दुखणं दाबते. तीन महिन्यांच्या मेंदूत तारा अजून जोडल्या जात असतात, आवरून धरणारी यंत्रणा कच्ची असते. सहाणेच्या खाचांत राहिलेला थोडासा अंशही तिथं खूप होतो. बाळ गुंगतं, श्वास मंदावतो आणि काहींना झटके येतात. ती आमची छान झोप झोप नव्हतीच.

"म्हणजे आता उतारा दिला की झालं?" मी विचारलं.

"देणार आहे, थोडा थोडा. एकदम उतरवलं तरी इतका लहान मेंदू बिथरू शकतो. आठवडाभर रोज जात होतं, आता अचानक बंद होणार, त्यानंही झटके येऊ शकतात." त्यांनी बाळाच्या नाकाची नळी सारखी केली. "खरं सांगते काका, ही औषधं वाढत्या मेंदूत नेमकं काय करतात ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. कधी झटके आणतात, कधी दाबतातही. म्हणून नुसतं बघत बसायचं."

बघत बसणं हे माझं घरातलं जुनंच काम. पण ते इतकं कठीण असतं हे माहीत नव्हतं. उतारा दिल्यावर बाळ रडलं, आणि मुलगी ते रडणं ऐकून हसत-रडत राहिली. मी काचेला नाक लावून उभा. प्रत्येक जांभई मला झटका वाटायची. नर्स एकदा म्हणाली, "आजोबा, ती उचकी आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "आजोबा, तीही उचकीच आहे."

मेंदूचा आलेख काढला. बरा आला. "आत्ता बरा आहे," डॉक्टरांनी 'आत्ता' वर जोर दिला. "मान धरणं, हसणं, नजर फिरवणं, सगळं वेळेवर होतंय का बघायचं."

चार दिवसांनी बाळाला घेऊन घरी आलो तर दुसरं संकट तयार होतं. आधी परतलेल्या आक्काकडून अण्णांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी औषधच बंद केलं होतं. अण्णांच्या डॉक्टरांनी आक्काला बजावलं होतं की ती गोळी फोडायची, उगाळायची नव्हतीच, दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. तिच्या जागी पातळ औषध दिलं होतं, बाटली वेगळी, चमचा वेगळा. अण्णा तोंड उघडत नव्हते. घामानं उशी भिजलेली, दोन्ही हात खाटेच्या कडेला आवळलेले.

"अण्णा, असं एकदम सोडायचं नसतं," मी म्हणालो. "तुम्हालाही त्रास होईल."

"होऊ दे. माझ्या दुखण्यापायी त्या पोरीला..." ते पुढे बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी ती पूर्वीसारखी हसू दे."

आणि हीच गोष्ट आम्ही कोणी मोठ्यानं बोलत नव्हतो. दवाखान्यातून आल्यापासून बाळ हसलं नव्हतं. आधी अण्णांनी जिभेनं टॉक् टॉक् केलं की ती तोंडभर हसायची. आता छताकडे टक लावून बघायची. आत काही कायमचं विझलं तर नाही ना, हा प्रश्न घरभर होता. कोणाच्या तोंडात मात्र नव्हता.

मुलीनं तो उचलला. ती सरळ अण्णांच्या खोलीत गेली आणि बाळ त्यांच्या कुशीत ठेवलं. "विचारा तिलाच," म्हणाली.

अण्णांनी टॉक् केलं. आवाज फुटेना. परत केलं. बाळानं मान वळवली. त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली, कपाळाला आठी घालून. आम्ही चौघं दाराशी श्वास धरून. तिसऱ्या टॉक् ला तिनं ओठ मुडपले आणि अण्णांच्या शर्टावर भळकन दूध ओकली. मग ओझं उतरल्यासारखी त्यांच्याकडे बघून हसली.

"मेलीला मी आवडत नाही," अण्णा म्हणाले. "डोकं शाबूत आहे." त्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी आक्काकडे मान वळवली आणि तोंड उघडलं. आक्कानं चमचा भरला, पण तो पुढे नेईना, तेव्हा बायकोनं पुढे होऊन तिचं मनगट धरलं. दोघींनी मिळून तो चमचा अण्णांच्या तोंडात नेला.

नात आता मान धरते, पालथी पडते, माझा चष्मा ओढते. डॉक्टर म्हणतात, छान आहे, येत राहा. सहाण मागीलदारी पालथी पडलेली आहे, तिला टाकायचा धीर कोणाला होत नाही आणि वापरायचाही. पण बाळ झोपेत दचकलं, हात उडाला, की बायको कणकेचे हात घेऊन येते, आक्का येते आणि मी येतो. मुलगी तो हात मुठीत धरते; धरल्यावर थांबला तर झटका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. हात मुठीत शांत होईपर्यंत आम्ही तिथून हलत नाही.