तेव्हाच काढला

मला फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही. तरी गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी साडेसहाला मी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या दाराशी उभा होतो. खिशात पोरीनं दिलेला जुना मोबाईल, आजूबाजूला गळ्यात कॅमेरे अडकवलेली दहाबारा अनोळखी माणसं. ह्याला फोटो वॉक म्हणतात. एक माहीतगार माणूस पुढं चालतो, जुनं शहर दाखवतो, आणि मागची मंडळी जे दिसेल त्याचे फोटो काढत सुटतात. माझे गुडघे कुरकुरत होते, थंडी कानात शिरली होती. मला ना किल्ला बघायचा होता, ना शहर. साठ वर्षं हितंच घासली आहेत, आणखी काय बघायचं? मला त्या पुढं चालणाऱ्या माणसाकडून एक फोटो पाहिजे होता. माझ्या बायकोचा.

ती जाऊन अकरा महिने झाले होते. वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं.

तिचे फोटो घरात नाहीत असं नाही, ढीगभर आहेत. पण एकातही ती नाही. म्हातारा चळला म्हणाल, म्हणून नीट सांगतो. तिचे पुढचे दोन दात जरा पुढं होते. लग्नाचे फोटो धुऊन आले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, डोक्यात वारं. चार मित्र बसले होते. एका फोटोत ती मान मागं टाकून खळखळून हसत होती. मी म्हणालो, "तोंड मिटायचं की जरा! फोटोत नुसतं दातच आल्यात." मित्र हसले, मीही हसलो. ती चहा टाकायला आत गेली. तो फोटो मी अल्बमात लावला नाही. नंतर तो कुठं गेला देव जाणे.

झालं ते एवढंच. आवाज चढला नाही, रडारड नाही. पण त्यानंतर पस्तीस वर्षं, बारशात, लग्नात, गावच्या जत्रेत, कॅमेरा दिसला की तिचे ओठ गच्च मिटायचे. पोरगी मोबाईल उचलून "आई, हस की गं" म्हणायची, की हिचा पदर तोंडावर. भिंतीवर लावलेला फोटो आधारकार्डावरून मोठा करून घेतलाय. आधारकार्डावर माणूस कसा दिसतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे बंद पडलेला माग दुरुस्त करून चालू करणारा. चाळीस माग एकदम धडधडतात तिथं माणूस ओरडूनच बोलतो. घरी आला तरी आवाज खाली येत नाही, आणि कान अर्धे जातात ते वेगळंच. हे मी सबब म्हणून सांगत नाही. आवाज मागांनी वाढवला असेल, पण काय बोलायचं ते माझं मीच ठरवत होतो.

आता तो फोटो. दोन वर्षांमागं एका रविवारी मी भाजी घेऊन आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत शिरलो. बघतो तर आमच्या दारापुढं कॅमेरेवाल्यांचा घोळका. ही पायरीवर बसलेली, मांडीवर चादर. चादरीच्या टोकाचे मोकळे दोरे असतात ना, त्यांना दशा म्हणतात. त्यांना पीळ देऊन गाठी मारायचं काम ती घरबसल्या करायची. घोळका घेऊन आलेला दाढीवाला तिला म्हणत होता, "मावशी, जरा नॅचरल बसा."

ती म्हणाली, "ते कसं बसत्यात? मला तर मांडी घालूनच बसता येतंय!"

आणि हसली. मान मागं टाकून, दातबीत सगळं दाखवून, लग्नात हसली होती तशी. दाढीवाल्यानं खटकन फोटो काढला.

माझं टाळकं सरकलं. त्या लोकांना मी काही बोललो नाही, तेवढी माझी हिंमत नाही. ते गेल्यावर दार लोटलं आणि हिच्यावर घसरलो. "गल्लीला तमाशा दाखवतीस व्हय? परक्या माणसाम्होरं दात इचकून?" ती म्हणाली, "चुकलं माजं." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तोंड उघडलं, आणि घर पुन्हा रुळावर आलं. फोटो मी विसरून गेलो.

ती गेल्यावर सातआठ महिन्यांनी एक भलतीच गोष्ट झाली. तिचं हसू मला आठवेना. आवाज आठवायचा, चेहरा नाही. डोळे मिटले की समोर आधारकार्ड. जेवताना, नळाला पाणी भरताना, देवळात हात जोडले तरी तेच, ओठ गच्च मिटलेले. मी घाबरलो. माणूस गेलं ते गेलंच, पण आता ते माझ्या डोक्यातूनही पुसून चाललं होतं, आणि धरून ठेवायला हातात काही नव्हतं. आणि तेव्हा एकदम आठवलं, तो दाढीवाला! त्यानं तिला हसताना टिपलंय!

मी वेड्यासारखा शोधत फिरलो. शेवटी एका चहाच्या गाड्यावर फोटो वॉकचा कागद चिकटवलेला दिसला, खाली नंबर. तिथंच उभं राहून फोन लावला.

"हॅलो! दोन वर्सांमागं भवानी पेठेत एका बाईचा फोटो काढला हुता का तुमी? दारात बसून चादरीच्या दशा करत हुती ती?"

पलीकडून तो म्हणाला, "हो काका, आठवतंय. पण तो... काढला हो. तेव्हाच काढला."

"काढलाय न्हवं? बास! रविवारी येतो!" म्हणालो आणि फोन ठेवला. आनंदात मला काही सुचेना. लगेच पुण्याला पोरीला लावला.

"अप्पा, खरंच? आई हसतीय त्यात?" ती रडायलाच लागली. "वर्षश्राद्धाला तोच लावायचा. मी इथून मोठा करून आणते. तो आधारकार्डाचा काढून टाकू भिंतीवरनं."

तिच्याशी बोलत होतो तेवढ्यात दाढीवाल्याचे दोन फोन येऊन गेले होते. मला वाटलं, वेळ सांगायला केले असतील. वेळ तर कागदावर होतीच.

म्हणून किल्ल्याच्या दाराशी तो दिसल्या दिसल्या मी पुढं घुसलो. "फोन केलता तो मीच. आणलाय का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, खांद्यावर हात ठेवला. "काका, आधी चालू या. शेवटी निवांत बसून बोलू."

म्हटलं ठीक आहे. अकरा महिने काढले, आणखी दोन तास काय? पण ते दोन तास! तटबंदीपाशी वीस मिनिटं. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर अर्धा तास, कारण पाण्यावरचं धुकं हलायची वाट बघायची होती. उजेड बाजूनं घ्या, म्हणे. पेठांमध्ये शिरलो तर एका पोपडे निघालेल्या भिंतीचे माणसांनी पन्नास फोटो काढले. आमच्या घराची भिंत तशी झाली की आम्ही चुना लावतो! मीही दोनचार फोटो काढले, सगळ्यांत माझं बोट आलं. दर वळणावर मी दाढीवाल्याला गाठून विचारायचो, "आता किती ऱ्हायलं?" तो दुसरीकडंच बघत म्हणायचा, "झालंच, काका." मला त्याचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती. हा असं का करतोय? फोटो हरवला तर नाही? मग मीच माझी समजूत घालायचो. काढलाय म्हणालाय ना तो, स्वतःच्या तोंडानं म्हणालाय.

आम्ही भवानी पेठेत आलो. माझ्या गल्लीच्या तोंडाला एक बाई बांगड्यांची टोपली घेऊन बसते. घोळक्यातल्या एकानं जाता जाता तिचा फोटो काढला. बाई खवळली. "ए दादा! माजा फोटो नगं हां! इचारलास का मला?"

दाढीवाला लगबगीनं पुढं झाला. "सॉरी मावशी, सॉरी. आत्ता काढतो." त्यानं त्या माणसाचा कॅमेरा हातात घेतला, दोनदा बटण दाबलं आणि मागचा पडदा बाईपुढं धरला. "हे बघा. काढला."

"काढला न्हवं? मग बरं," बाई म्हणाली आणि पुन्हा बांगड्या लावायला लागली.

आत्ता काढतो. काढला. तेव्हाच काढला. जन्मभर हीच भाषा बोलत आलो, फोटो घेतला तरी काढला आणि पुसला तरी काढला, हे मला त्या क्षणापर्यंत कधी खटकलं नव्हतं. फोनवर तो मला हेच सांगत होता, आणि मी ऐकून घ्यायच्या आधीच फोन ठेवला होता. आयुष्यभर हेच तर केलं मी.

कसाबसा माझ्या दारापाशी गेलो आणि पायरीवर बसलो. घोळका पुढं चहाला गेला. दाढीवाला माझ्याशेजारी येऊन बसला.

"तुमी काढून टाकला," मी म्हणालो.

"हो काका. मी परत फोन केले होते तुम्हाला."

"का काढला? चांगला न्हवता आला?"

"फार चांगला आला होता." सांगू का नको असं त्याचं चाललं होतं.

"सांगा. मला आता सगळं ऐकायचंय."

मग त्यानं सांगितलं. पुढच्याच रविवारी सकाळी ती किल्ल्याच्या दाराशी गेली होती. एकटी, चालत, माणसं जमायच्याही आधी. मी त्या वेळी झोपेत असणार. त्याला म्हणाली, "आमच्या मालकास्नी आवडलं न्हाय. तेवढा फोटो काढा." त्याला वाटलं, दुसरा चांगला काढून पाहिजे. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. ती घाबरून मागं सरली, पदर तोंडावर घेतला. "तसं न्हवं वो! काढा म्हंजे काढून टाका."

"मग म्हणाल्या, आदी दाखवा," तो म्हणाला. "मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, 'चांगली आलीया की वो मी.' मी म्हणालो, राहू द्या ना मग मावशी, माझ्याकडं ठेवतो, कुणाला दाखवणार नाही. तर नको म्हणाल्या."

"का?"

त्यानं मान खाली घातली. "म्हणाल्या, 'त्यास्नी कळलं तर पुन्ना बोलायचं बंद करतील. ते दोन दिस लई जड जात्यात.'"

दोन दिवस. मला ते दोन दिवस आठवतसुद्धा नव्हते, भाजीतलं मीठ तेवढं आठवत होतं. आणि तिनं त्या दोन दिवसांच्या भीतीनं स्वतःचं हसू स्वतःच्या डोळ्यांदेखत पुसून घेतलं होतं. लग्नातला फोटो मी बाजूला टाकला, हा तिनं टाकला. दोन्ही मीच टाकले की.

"दुसरीकडं कुटं ऱ्हात न्हाय का तो? मशीनमदी? कार्डामदी?" मी त्याचा हात धरला. "दुकानात न्या, काय लागंल ते करा. मी पाया पडतो तुमच्या."

"दोन वर्षांत त्या कार्डावर हजारो फोटो येऊन गेले, काका. तुमचा फोन आल्यावर मी सगळं शोधलं. नाही उरला." तो उठला आणि चहाकडं गेला. त्याची काही चूक नव्हती. त्याच्यावर ओरडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

खिशातला मोबाईल वाजला. पोरगी.

"अप्पा, मिळाला का फोटो?"

मी म्हणालो, "काढला हुता गं."

"ते माहितीये हो. मिळाला का विचारतीय."

मला तिला खरं सांगायचं होतं. तोंडात शब्द जुळवले आणि म्हणालो, "माज्यामुळंच काढला त्यो."

"तुमच्यामुळं?" पोरगी हसली. "मग आयुष्यात एकदा तरी चांगलं काम केलंत की आईसाठी! पाठवा पटकन. मी वाट बघतीय."

मी फोन कानाला धरून पायरीवर तसाच बसलो. पलीकडून ती विचारत होती, "अप्पा? ऐकू येतंय का?"

मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.