मामाने दिलेला बोजारा

"अल्कोहोल पॉयझनिंग," वणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाच्या पोराबद्दल बोलताहेत. म्हणजे दारूची विषबाधा. माझा सूरज अकरा वर्षांचा. सकाळीच त्याच्या लाकडी बैलाला मी झूल शिवून दिली होती.

तान्हा पोळा होता. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि मोठी माणसं त्यांच्या हातावर बोजारा म्हणून नाणं ठेवतात. दुपारी सूरज माझ्या दादाच्या घरून परतला तो झोकांड्या खातच. ओकला आणि अंगणात पडला. शेजारच्या बाया धावल्या. लिंबू पाजा, ताक पाजा, झोपू द्या, उतरेल. मीही लिंबू पिळायला घेतलं. पण तो हाकेला ओ देईना, तशी त्याला जीपमध्ये घातलं आणि वणी गाठली.

"रक्तातली साखर फार खाली गेली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. लहान अंगात दारू गेली की असं होतं. झटके येतात, श्वासही थांबू शकतो. बेशुद्ध मुलाला काही पाजायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि तडक आणायचं." आयांनो, एवढं तरी लक्षात ठेवा.

सलाईन लागलं. बाहेर बाकावर बसलेल्या आमच्या गाववाल्यांनी तोवर निकाल लावून टाकला. संगत वाईट, टीव्ही वाईट, आईचं लक्ष नाही. दादाही त्यांच्यात बसून होकारार्थी मान हलवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूरजनं डोळे उघडले.

"मामानं देली," तो म्हणाला. "म्हणे, आता मोठा झाला तू, हा घे मर्दाचा बोजारा. गिलास संपोला तं साऱ्यायनं टाळ्या वाजोल्या."

मी बाहेर येऊन दादासमोर उभी राहिले. "काहून देली?"

"खिशात चिल्लर नव्हती, बाई. कापसाचे हाल तुले माहीत हायेत. भाच्याले खाली हातानं कसं पाठवू?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कापसाला भाव नाही म्हणून पोरासाठी नाणं नाही, आणि दारू मात्र आहे! वर दोष संगतीला. कसली संगत? माझ्या पोराला पहिला ग्लास गुत्त्यावर नाही मिळाला. मामाच्या ओसरीवर मिळाला, घरच्या माणसांसमोर.

"इतक्या लहानपणी चव लागली की पुढे सुटणं अवघड," डॉक्टर म्हणाल्या. "घरातल्या मोठ्यांना सांगा." सांगते आहे. ओरडून सांगते आहे.

सूरज वाचला. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला मी स्वतः त्याच्याबरोबर दादाच्या दारात जाऊन उभी राहिले. दादाचा खिसा याही वर्षी रिकामाच होता. तो उठला, कुंपणावरच्या वेलाची कोवळी काकडी तोडली आणि भाच्याच्या हातावर ठेवली. सूरज तिथंच कराकरा खाऊ लागला.

दादा माझ्याकडे बघून हसला. मला हसू आलं नाही. काकडीचा वेल त्या कुंपणावर गेल्या वर्षीही होता.