खुर्ची वाचणाऱ्याची

"ऊठ गं. कुणाची खुर्ची आहे ही?"

केंद्रप्रमुख दारातूनच बोलले. चौथीतली सारिका माझ्या खुर्चीवर बसून स्वतः लिहिलेलं वाचत होती. मी आणि बाकीची मुलं समोर सतरंजीवर. सारिका उठली. कागदाची घडी केली. परत घडी केली.

कापडे गावाच्या वरच्या वाडीतली आमची शाळा. खुर्ची एकच. दर शुक्रवारी लेखन कार्यशाळा, आणि तिच्यावरच माझं कृतिसंशोधन चाललेलं. मूल वर बसून वाचतं, बाई खाली बसून ऐकतात, तर पुढच्या वेळी ते मूल काय लिहितं? एवढंच मला बघायचं होतं. कोणी वाचलं, कोणी काय विचारलं, कोण गप्प राहिलं, सगळं टिपून ठेवत होते. सारिकाने त्या दिवशी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले.

"मॅडम, तुम्हा लोकांना खाली बसायची सवय असते. मुलांना कशाला लावता?"

महाडहून सोबत आलेले दोन शिक्षकही हसले. माझे सहकारीच.

मला काही वाटलं नाही. खरंच नाही. लहानपणी शाळेत मी दाराजवळ बसायचे, घरून नेलेल्या गोणपाटावर. तेव्हाही काही वाटायचं नाही. हात गार पडायचे, तेवढंच.

साहेब खुर्चीवर बसले. माझ्या कृतिसंशोधनाचा अहवाल चाळला. खुर्चीचा भाग काढून टाका म्हणाले, मग सही करतो, जिल्ह्याला पाठवतो. मी मान हलवली. खोडायला पेन काढलं.

"बाई, मी आता नाय वाचत."

सारिका हळूच म्हणाली. तक्रार नव्हती. ती दाराजवळ जाऊन बसली होती.

ती जागा मला माहीत होती.

मी पेनाला टोपण लावलं.

"सर, उठा. तिचं वाचन अर्धं राहिलंय."

"आणि मी कुठे बसू?"

"माझ्याशेजारी. सतरंजी झाडलेली आहे."

ते बसले नाहीत. अहवाल टेबलावर टाकून गाडीकडे गेले. शिक्षक मागोमाग.

सारिकाने घड्या उलगडल्या. गडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीत काकडी विकणाऱ्या आत्याबद्दल होतं. "मुंबईची माणसं गडाकडे बघतात, काकडीकडे बघतात. आत्याकडे कोण बघत नाय."

अहवालावर सही झालेली नाही. होणारही नाही. खुर्चीचा भाग मी पहिल्या पानावर घेतलाय. शुक्रवारी खुर्ची वर्गाच्या मधोमध असते. वाचणारं मूल वर, बाकी सगळे खाली.

दारात कोणीही येवो. चपला बाहेर, बसणं खाली.