गोदामात दिसणाऱ्या गोण्या

आम्ही दोघं नवरा-बायको रोह्याजवळच्या धाटावला एकाच कंपनीत कामाला होतो. घर पेणला, रामवाडीत. मी प्लॅनिंगला, जनरल शिफ्टमध्ये. हे दोन नंबरच्या प्लांटचे शिफ्ट इनचार्ज. त्यांची फर्स्ट शिफ्ट असली की ते पहाटेच्या बसने पुढे जायचे आणि मी मागून. कंपनीत मी त्यांना 'साहेब' म्हणायचे, ते मला 'मॅडम'. सुरुवातीला गंमत वाटायची, मग सवय झाली.

कंपनीत रंगांना लागणारी रसायनं बनायची. पूर्वी प्रत्येक खात्याचं स्वतःचं रजिस्टर होतं. सोडा आहे का म्हणून स्टोअरला विचारलं तर आहे, प्लांटला विचारलं तर नाही, आणि नवा मागवलाय की नाही हे फक्त खरेदीवाल्यांना ठाऊक. माझा निम्मा दिवस फोनवर जायचा आणि निम्मा भांडणात. एखादी वस्तू नाही म्हणून रिअॅक्टर, म्हणजे माल बनवायचं बंद भांडं, रिकामा बसायचा आणि तीच वस्तू शेजारच्या प्लांटात धूळ खात पडलेली असायची.

मग मुंबईच्या हेडऑफिसने सगळी खाती जोडणारं एकच सॉफ्टवेअर आणलं. आम्ही त्याला नुसतं 'सिस्टीम' म्हणायचो. गेटवर ट्रक आला की नोंद, स्टोअरमधून गोणी निघाली की नोंद, प्लांटात रिकामी झाली की नोंद, आणि प्रत्येक गोणीचा लॉट नंबर, म्हणजे ती कुठल्या खेपेतली ते, शेवटपर्यंत तिच्यासोबत. कुठल्या प्लांटाला उद्या काय लागणार, स्टोअरात किती आहे, वाटेवर किती आहे, हे मला खुर्चीतून दिसायला लागलं. आपण कशाचं प्लॅनिंग करतोय हे मला पहिल्यांदाच नीट कळलं.

यांना ती सिस्टीम कधी पटली नाही. "मी बॅच सांभाळू की टाइप करत बसू?" हे घरी ठरलेलं वाक्य. प्लांटचा एकुलता एक कॉम्प्युटर तळमजल्यावरच्या केबिनमध्ये आणि रिअॅक्टरची तोंडं तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक गोणीसाठी लोखंडी जिना उतरून खाली यायचं आणि परत चढायचं, हे कोण करणार? म्हणून शिफ्ट संपताना सगळ्या नोंदी एकदम भरायचा शिरस्ता पडला. शिवाय माल संपून बॅच अडकू नये म्हणून ते स्टोअरकीपरकडून साध्या चिठ्ठीवर थोड्या गोण्या आधीच वर नेऊन ठेवायचे. सिस्टीमच्या दृष्टीने त्या गोण्या गोदामातच असायच्या.

"अहो, त्याने माझा हिशेब चुकतो," मी जेवताना म्हणायचे.

"तुझा चुकतो तो कागदावर. माझी बॅच अडकली तर माल वाया जातो."

यावरून आमच्यात अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती. त्या आठवड्यातही तो होता.

हिवाळ्यातली सकाळ होती, यांची फर्स्ट शिफ्ट. मी नुकतीच टेबलाशी बसले होते. माझ्याच खोलीत समोर खरेदी विभागाचे साहेब बसायचे. त्यांचा फोन वाजला. आधी ते "हो, हो, बोला" म्हणत होते, मग उभे राहिले. फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"सोड्याचा जो शेवटचा लॉट आला ना, त्यातल्या काही गोण्यांत सोडा नाहीये. पाठवणाऱ्या कंपनीकडे भरताना घोटाळा झालाय. बाहेर सोड्याचं छापील नाव, आत नायट्राइट."

दोन्ही पावडरी पांढऱ्याच. आमच्या प्रयोगशाळेने नमुना तपासला होता, पण नमुना मोजक्या गोण्यांतून काढतात, आणि त्या गोण्या बरोबर निघाल्या होत्या. सोडा आम्ही आम्लाच्या मालात टाकायचो, आम्ल मारायला. तिथे सोड्याऐवजी नायट्राइट पडलं तर तपकिरी विषारी धूर निघतो. ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना हे सांगितलेलं असतं, आणि आपल्यावर कधी येणार नाही असंच सगळ्यांना वाटत असतं.

मी लॉट नंबर टाकला. पडद्यावर आलं: सगळ्या गोण्या गोदामात, एकही बाहेर गेलेली नाही.

"सुटलो," खरेदीचे साहेब म्हणाले. "स्टोअरला सांगा, त्या गोण्यांना हात लावू नका म्हणावं."

मी स्टोअरला फोन लावला. माझं बोलणं ऐकून स्टोअरकीपर 'पण मॅडम...' म्हणून अडखळला.

"काय झालं? बोला ना."

"मॅडम, त्यातल्या थोड्या काल दुपारी वर गेल्यात. चिठ्ठीवर."

"कुठल्या प्लांटला?"

"चिठ्ठी गर्दीत कुठंतरी... बघून सांगतो. तीनही प्लांटची माणसं आली होती."

तीन प्लांट, प्रत्येकाचे वेगवेगळे मजले. तेवढ्यात सुचलं की नोंद नसली तरी आजचा प्लॅन तर माझ्यासमोर आहे. मी त्या दिवसाचा प्लॅन उघडला. एक नंबरला सोडा परवा लागणार होता. तीन नंबर धुवायला बंद. आज सकाळी सोडा पडणार होता तो एकाच रिअॅक्टरमध्ये, दोन नंबरच्या प्लांटात.

मी दोन नंबरचा फोन लावला. घंटी वाजत राहिली. केबिनमध्ये कोणी नव्हतं, सगळे वर असणार. मी खरेदीच्या साहेबांना म्हटलं, "सेफ्टीला कळवा, एक आणि तीन नंबरलाही सांगा," आणि पळत सुटले. हेल्मेट टेबलावरच राहिलं. मधल्या रस्त्यावर टँकर आडवा उभा होता, त्याला वळसा घालून दोन नंबरचा जिना गाठला. त्या जिन्याच्या पायऱ्या जाळीच्या असतात, खालचं सगळं दिसतं. एरवी मी कठडा धरून चढायचे. त्या दिवशी कशी चढले ते आठवत नाही.

वर पोचले तेव्हा हे रिअॅक्टरच्या उघड्या तोंडापासून थोडे दूर उभे होते. एक जुना ऑपरेटर, पेणच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावचा, तोंडाशी वाकून आत बघत होता. दुसरा कामगार गोणीचं तोंड कापत होता. सोडा टाकला की फेस उसळतो, म्हणून तो नेहमी सावकाश, एकेक गोणी थांबून टाकतात. हे म्हणत होते, "आज फेस कसा येत नाही?"

"अहो!" मी ओरडले. "थांबा! टाकू नका!"

कंपनीत मी त्यांना कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. तिघांनीही वळून बघितलं.

"सोडा नाहीये तो. नायट्राइट आहे! किती गेलं?"

"एक गोनी गेली, मॅडम," ऑपरेटर म्हणाला. "दुसरी आता टाकनार व्हतो." आणि त्याला खोकला आला.

त्याच्या मागे रिअॅक्टरच्या तोंडातून तपकिरी धुराची बारीक रेघ वर येत होती.

यांचा चेहरा क्षणात बदलला. "सगळे खाली! श्वास रोखा, वारा येतोय त्या बाजूने उतरा!" त्यांनी ऑपरेटरला दंडाला धरून माझ्याकडे ढकललं, स्वतःच्या तोंडावर मास्क चढवला आणि परत रिअॅक्टरकडे गेले. झाकण लोटताना झालेला आवाज मी जिन्यावरून ऐकला. मग धूर ओढून पाण्याने धुणाऱ्या यंत्राच्या पंख्याचा आवाज वाढला. ऑपरेटरचं ओझं माझ्या खांद्यावर होतं आणि तो पायरीपायरीला खोकत होता. मी वर बघितलं नाही.

खाली माणसं जमली होती. सायरन झाला. मी जिन्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले, आणि किती वेळाने ते उतरले मला सांगता येणार नाही. उतरले तेव्हा डोळे लाल, पण चालत आले.

ऑपरेटरला रोह्याच्या दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, या धुराचं असं असतं, आता माणूस बरा दिसतो आणि काही तासांनी छातीत पाणी भरतं, तेव्हा ठेवून घ्यावं लागेल.

दवाखान्यात जायला मी निघाले तेव्हा हे तळमजल्याच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरसमोर बसलेले दिसले. मी आत गेले.

"कालची तारीख टाकून त्या गोण्या प्लांटला गेल्याची नोंद करता येते का गं?" त्यांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"येते."

"मग कर."

"तारीख मागची पडेल. पण नोंद आत्ता केली हेही त्याच्याखाली पडेल. ते पुसता येत नाही."

"आणि पुसता आलं असतं तर?"

मी म्हटलं, "तरी मी केलं नसतं." ते कॉम्प्युटर बंद न करता उठले आणि प्लांट मॅनेजरच्या ऑफिसकडे गेले. नोंद केली नव्हती, चिठ्ठीवर माल घेतला होता, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

दवाखान्यात ऑपरेटरची बायको गावाहून आली होती. तिने माझा हात धरला. "कसा हाय गो तो? खरा सांग."

"बोलतोय. डॉक्टर लक्ष ठेवून आहेत."

"तुझा मानूस व्हता ना साहेब तिथं?"

"व्हय," मी म्हटलं. घरी आम्ही असं बोलत नाही, पण तोंडातून तेच आलं. पुढे ती काय म्हणेल या भीतीने मी मान खाली घातली. तिने माझा हात सोडला. ते मला अजून सलतं.

ऑपरेटर वाचला. महिनाभर घरी राहिला, मग कामावर आला, पण जिना चढताना धाप लागायची म्हणून त्याला पॅकिंगला घेतलं.

चौकशी झाली. मुंबईहून माणसं आली. त्यांनी माझ्याकडून सिस्टीममधल्या नोंदी काढून घेतल्या आणि विचारलं, "नियम होता, तर पाळला का नाही?" मी सांगितलं, नियम होता, पण तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर नव्हता. प्लांटला थोडा माल हाताशी लागतोच, आणि सिस्टीममध्ये तो ठेवायला जागाच केलेली नव्हती. म्हणून लोकांनी सिस्टीमच्या बाहेर जागा केली. एकाने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी नवऱ्याची वकिली करतेय. मी करतही होते. पण जे सांगितलं ते खरं होतं.

पुढे तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर बसला. 'प्लांट साठा' असा वेगळा कप्पा सिस्टीममध्ये आला, आणि लॉट नंबर वाचल्याशिवाय स्टोअरच्या दारातून गोणी हलेनाशी झाली. यांना मात्र शिफ्टवरून काढून सांडपाणी विभागात टाकलं. पंधरा वर्षं प्लांट चालवलेल्या माणसाला ते फार लागलं. घरी ते माझ्याशी गरजेपुरतं बोलायचे. मीही समजूत घालायला गेले नाही, कारण काय म्हणणार?

पावसाळा उलटल्यावर एका रविवारी आम्ही गॅलरीत बसलो होतो. हमरस्त्यावरून ट्रक जात होते. ते अचानक म्हणाले, "त्या दिवशी तू माझ्यासाठी पळत आलीस की गोण्यांसाठी?"

मला खोटं गोड बोलता आलं असतं. "पळताना डोक्यात एवढंच होतं, की वर माणसं आहेत. त्यातले एक तुम्ही, हे जिन्यावर आल्यावर आठवलं."

"मी झाकण लोटायला गेलो तेव्हा मला तूसुद्धा आठवली नव्हतीस," ते म्हणाले. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून त्यांनी विचारलं, आपल्या सांडपाणी विभागाला चुना किती लागतो हे प्लॅनमध्ये कुठं दिसतं, ते मला एकदा नीट दाखवशील का.

मी कागद-पेन्सिल आणायला उठले.